चढाईपटू की संघ?

पेण-रोह्याकडे कबड्डीच्या सामन्यावर पैज लागते, चहाची असो वा पैशाची, ती बहुधा एका नावावर. ‘त्यांचा चढाईपटू कोण?’ एवढे कळले की अंदाज बांधून होतो. अमेरिकेत बेसबॉलवर पैजा लावणारेही ‘आज चेंडू कोण टाकणार’ हे आधी पाहतात. इथे हा अंदाज कितपत टिकतो, ते मी प्रो कबड्डीच्या आकड्यांवर ताडून पाहिले.

2017 साली प्रदीप नरवालने चढाईत 369 गुण मिळवले आणि पाटणा पायरेट्स सलग तिसऱ्यांदा विजेता ठरला. इथवर नाव खरे. पण 2019 मध्ये त्याने पुन्हा तीनशेच्या वर गुण मिळवूनही पाटणा बाद फेरीबाहेर राहिला. 2021-22 च्या हंगामात तो यूपी योद्धाकडे गेला. पाटण्याने उपांत्य फेरीत त्याच्याच संघाला हरवले. त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू, डावा कोपरा सांभाळणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, पाटण्याचा होता.

कारण नियमातच आहे. बाद झालेला चढाईपटू बाहेर बसतो. साथीदारांनी समोरचा गडी बाद केल्यावर, किंवा लोण चढून दोन गुण गमावल्यावर, तो परततो. पकड ढिली असेल, तर हुकमी एक्का बाहेरच. बेसबॉलच्या चेंडूफेक्याला असे बसावे लागत नाही.

पैजेत पैसे जातात, ते सोडा. खरे नुकसान असे, की आपल्या पोरांना चढाईच शिकायची असते. डावा कोपरा कुणालाच नको.