अटलांटिकवर ‘फुकट’ अपग्रेड?

अमेरिकेच्या देशांतर्गत विमानांत नेहमीच्या बड्या प्रवाशांना पुढची सीट पुष्कळदा आपोआप मिळते. न्यूयॉर्क-लंडनला बिझनेस क्लाससाठी तसं होत नाही. अमेरिकन एअरलाइन्सवर ‘सिस्टिमवाइड अपग्रेड’, युनायटेडवर ‘प्लसपॉइंट्स’ खर्चावे लागतात, तेही जागा उरली तर. ब्रिटिश एअरवेजवर एव्हिओस पॉइंट्स देऊन एकच पायरी चढता येते. सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकिटावर तीही नाही. खरी मेख करात आहे: लंडनहून निघताना प्रीमियम इकॉनॉमीपासूनच ब्रिटनचा प्रवासी कर वाढीव दराने लागतो. लंडनला येताना तो नसतो, म्हणून पॉइंट्स त्या फेरीवर उडवावेत. लाउंज मात्र इकॉनॉमीतही मिळतं, पण वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटाचे सफायर किंवा स्टार अलायन्स गटाचे गोल्ड सदस्य असाल तरच. अपग्रेडची आशा असेल तर तिकीट काढण्याआधी भाड्याचा वर्ग तपासा.