उसण भरते तेव्हा कण्यात काय होतं?

नळाला पाणी आलं की आपण वाकून एकेक भांडं भरतो. मग भरलेला हंडा उचलून एकदम वळतो आणि कंबरेत चमक निघते. 'उसण भरली' म्हणून तेल चोळतो, कामाला लागतो. आत काय घडतं ते समजून घेऊ.

आपल्या कण्यात 33 मणके असतात. मानेचे 7, छातीमागचे 12 आणि कंबरेचे 5 सुटे. त्याखालचे 5 जुळून एक हाड होतं, तर शेवटच्या 4 लहानग्यांचं माकडहाड. सुट्या मणक्यांमध्ये गाद्या असतात. मणक्यांना एकमेकांशी बांधतात ते चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध, डॉक्टरांच्या भाषेत लिगामेंट.

मणक्यांच्या पुढचा पट्टा रुंद व भक्कम असतो. मागचा पट्टा कंबरेपाशी अरुंद होतो. म्हणून तिथली गादी सरकली तर बहुधा मागे, एका बाजूला सरकते आणि पायाकडे जाणारी नस दाबते. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते ती यामुळेच.

पूर्ण वाकलं की पाठीचे स्नायू सैल पडतात, भार या पट्ट्यांवर येतो. बराच वेळ वाकून राहिल्यास पट्टे ताणले जातात आणि लगेच पूर्ववत होत नाहीत. नेमकं तेव्हाच आपण ओझं उचलतो. 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो, वर हंड्याचं वजन!

म्हणून आधी सरळ उभे राहा, थोडं चाला. मग गुडघे वाकवून, हंडा अंगाशी धरून उचला. वळताना कंबर पिळू नका, पावलं वळवा. झाडू मारणाऱ्या आपल्या बहीण-भावांनी लांब दांड्याचा झाडू मागून घ्यावा. तो मागण्यात कमीपणा नाही.

उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ खाऊ नका. त्याने इजा वाढू शकते. दिवसेंदिवस अंथरुणातही पडू नका, सोसेल तेवढं हिंडाफिरा. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत बरी होतात. मात्र लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठं सरकारी रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर पाय कायमचा अधू होऊ शकतो.