पवईच्या पाण्यात कोण टिकलं

पवईचं पाणी मुंबईकरांना पिण्याजोगं वाटलं नाही, हे गळवाल्यांचं नशीब. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही आजही शहराला पाणी पाजतात, त्यामुळे तिथे गळ टाकायची सोय नाही. मिठीला मिळणाऱ्या पाण्यावर बांध घालून पवई १८९१ च्या सुमारास उभा राहिला, पण पाण्याचा दर्जा काही पसंत पडेना आणि १८९२ मध्ये तानसाचं पाणी आल्यावर त्याची निकडही उरली नाही. ही फसलेली योजना १९३० च्या दशकात हौशी मासेमारांच्या संघटनेकडे आली. तिचं आजचं नाव महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन.

रॉड आणि रीळ विलायतेतून आले, तिथला पाईक मासा मात्र आला नाही. त्याची उणीव मरळीने भरून काढली. पाईकसारखीच तीही पाणवनस्पतींत निश्चल दबा धरते आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की झडप घालते. म्हणून तिच्यासाठी आजही रबरी बेडूक जलपर्णीच्या कडेने ओढत आणतात. कणकेचा गोळा लावून रोहूची वाट पाहत बसणाऱ्याला हा सगळा उतावळेपणा वाटतो. मला मात्र तळ्यावरची खरी शिकार हीच वाटते.

रोहू, कटला, मृगळ ही नावं पवईशी इतकी जोडली गेली आहेत की ते इथले पाहुणे आहेत हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हे वाहत्या नदीचे मासे. तळ्यात ते पोसतात, वजनाने भरतात, पण अंडी घालायला त्यांना पावसाळी नदीचा प्रवाह लागतो. त्यामुळे त्यांचं बीज पूर्वी नद्यांतून गोळा करावं लागे. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली आणि मत्स्यबीज हुकमी मिळू लागलं. खडस, म्हणजे महसीर, हिची अडचण तर त्याहून मोठी: तिला खळाळतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ हवा. टाटांच्या लोणावळ्याजवळच्या वळवण केंद्रात तिची पैदास होते. पवईसारख्या साचलेल्या पाण्यात तिने संसार मांडावा ही अपेक्षाच जादा.

उलट चिलापीला कुणी मुद्दाम जोपासायची गरज नाही. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे कुठल्याही डबक्यात तिची वीण वाढते. रॉडवाल्यांना ती नकोशी. बाजारात मात्र तिला गिऱ्हाईक आहे.

१९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी काठावर आली, ऐंशीच्या दशकापासून हिरानंदानीचे मनोरे चढू लागले. सांडपाणी तळ्यात उतरलं, त्यावर जलपर्णी माजली. दाट जलपर्णीखाली उजेड पोहोचत नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. अशा वेळी आधी कासावीस होतात ते रोहू-कटल्यासारखे कार्प. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेते, म्हणून ती निभावते. मगरीही अजून आहेत, आणि त्यांच्या भीतीने जेवढा काठ मोकळा राहिला तेवढा कुठल्याही फलकाने राहिला नसता! काठावरचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. त्याने भराव अडला. सांडपाण्याचा प्रश्न वेगळाच.

म्हणून माझी काळजी मरळीची. तिची तांबूस पिल्लं थव्याने वर येतात तेव्हा आई-बाप खालून राखण करत असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. गळाला लागायला याहून सोपी वेळ नाही. पण राखण करणारी जोडी उचलली की तो सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो, आणि मरळीचं बीज पवईत बाहेरून आणून सोडायची वेळ येते.