पाहणाऱ्याचे कर्तव्य, चालवणाऱ्याचे अवधान

एप्रिल २००७ मध्ये दिल्लीत शाळेतून घरी निघालेल्या एका किशोरवयीन मुलाला मोटारीने धडक दिली. जखमी अवस्थेत तो रस्त्याच्या कडेला पडून राहिला. येणारे-जाणारे पाहत होते. मदतीस मात्र कोणी धजावले नाही आणि त्या मुलाचा अंत झाला. त्याचे नातलग पीयूष तिवारी यांनी पुढील वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण मिळावे, यासाठी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली.

त्या दिवशी रस्त्यावरून गेलेली सारी माणसे निर्दय होती असे म्हणता येणार नाही. त्यांच्या पायात भीतीची बेडी होती. पोलीस ठाण्याच्या खेपा, न्यायालयाच्या तारखा, रुग्णालयाचे बिल आणि ‘तुम्हीच धडक दिली असेल’ हा संशय! व्यापारी कुटुंबात त्यात आणखी एका काळजीची भर पडते: दुकान कोण उघडणार? म्हणून अनेकजण मनातल्या मनात हळहळतात आणि पुढे निघून जातात.

या भीतीचा आधार आता कायद्यानेच काढून घेतला आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. सद्भावनेने, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, जखमीचे काही बरेवाईट झाले तरी दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्षीदार होणे सर्वस्वी ऐच्छिक आहे. तो तयार झाल्यास त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी जबाब घ्यावा, असा नियम आहे. जखमीला रुग्णालयात पोहोचविणारा त्याचा नातलग नसेल, तर त्याच्याकडे दाखल करण्याचे पैसे मागता येत नाहीत. शिवाय मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला निर्धारित रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात.

अपघातानंतरचा पहिला तास कायद्यानेही ‘सुवर्णतास’ मानला आहे, कारण तेवढ्या अवधीत उपचार मिळाल्यास प्राण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून अपघात पाहणाऱ्याने प्रथम आपली गाडी सुरक्षित जागी, इशारादिवे लावून उभी करावी. ११२ किंवा १०८ क्रमांकावर फोन करून ठिकाण नेमके सांगावे. महामार्गावर किलोमीटरचा दगड पाहून आकडा कळवावा. एकाने मागून येणाऱ्या वाहनांना सावध करावे. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा. आग वा तत्सम धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नये, कारण मणक्याला इजा झालेली असू शकते. त्याच्या तोंडात पाणी घालू नये. पळून जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक लिहून ठेवावा. मोबाईलवर चित्रण करण्याने मात्र जखमीच्या पदरात काहीच पडत नाही.

तथापि अपघातानंतरची करुणा हा हिशोबाचा अर्धाच भाग आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दर तासाला सुमारे एकोणीस. यातील मोठे कारण अतिवेग आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. मोबाईलकडे दोन सेकंद नजर गेली, तर चालक ३३ मीटर रस्ता डोळे मिटून पार करतो. ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर त्यापुढचे!

जैन आचारात ईर्यासमितीचा उपदेश आहे. सुमारे चार हात पुढची भूमी पाहत, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, हा तिचा आशय. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात. वाहन चालवणाऱ्याला त्याच्या वेगाच्या प्रमाणात कित्येक पट पुढे पाहावे लागेल. पहाटे महामार्गाच्या कडेने विहार करणाऱ्या साधू-साध्वींचे प्राण तर वाहनचालकाच्या या अवधानावरच अवलंबून असतात. सोबतच्या श्रावकांनी प्रकाश परावर्तित करणारे जाकीट अवश्य घालावे.

घरोघरी काही नेम सहज पाळता येतील. पहाटे माल आणायला निघणाऱ्याने रात्रीची झोप पुरी केलेली असावी. लग्नकार्य आटोपून रात्रीच परतण्याचा हट्ट नसावा. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे, मोटारीत मागच्या आसनावरही पट्टा लावावा. दुकानातून फोन करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा, “गाडी चालवतो आहेस का?” उत्तर होकारार्थी आले, तर भाव, बिल आणि वसुली यांची बोलणी तिथेच थांबवावीत. मुंगीलाही वाचविण्याचे संस्कार ज्या घरात होतात, त्या घरातील माणसाकडून रस्त्यावर एवढी अपेक्षा करणे वावगे ठरू नये.