छेद लहान, निर्णय मोठा

वार्धक्यात चालणे खुंटले की माणसाचे जग अंगणाएवढे होते. कमरेच्या मणक्यांतून मज्जातंतूंच्या जुडग्याला वाट देणारी नळी अरुंद झाली म्हणजे नेमके हेच घडते. शे-दोनशे पावले टाकताच पाय भरून येतात, मुंग्या येतात. ओट्यावर टेकले किंवा पुढे वाकले की बरे वाटते, कारण वाकल्याने नळी किंचित रुंदावते. उट्रेख्टचे डच शल्यविशारद हेंक व्हर्बिस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे चित्र स्पष्टपणे मांडले.

वयोमानाप्रमाणे चकती फुगते, सांधे वाढतात, अस्थिबंध जाडावतात आणि तंतूंची कोंडी होते. ती फोडण्यासाठी पूर्वी पाठीचे स्नायू सोडवून मणक्याची मागची कमान काढीत. आता जेमतेम सेंटिमीटरभराच्या एक-दोन छेदांतून दुर्बीण व हत्यारे आत जातात आणि सलाइनच्या प्रवाहामुळे दृष्टिपथ स्वच्छ राहतो. स्नायूंना इजा कमी होते, रक्तस्रावही कमी, आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. हा लाभ निःसंशय मोठा आहे.

तथापि छेद लहान झाला म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णयही लहान झाला, असे मानणे घातक आहे. अरुंद वाटेने काम करण्याचे कसब दीर्घ सरावानेच येते. मज्जातंतूंवरील आवरण फाटणे, कोंडी अर्धवट सुटणे हे धोके येथेही आहेत. नॉर्वेमध्ये ४३७ रुग्णांवर नळी मोकळी करण्याच्या तीन पद्धतींची तुलना झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर तिन्हींचे फलित जवळपास सारखेच होते. त्या पद्धती दुर्बिणीच्या नव्हत्या, तरी बोध उघड आहे : कोंडी नीट सुटणे महत्त्वाचे, ती कोणत्या वाटेने सुटली हा प्रश्न त्यानंतरचा.

त्याहूनही आधीचा प्रश्न, शस्त्रक्रिया हवी कोणाला? १९९० साली अमेरिकेत पाठीचे दुखणे कधीच न झालेल्या ६७ व्यक्तींची एम.आर.आय. तपासणी करण्यात आली. त्यांपैकी साठी गाठलेल्या वा ओलांडलेल्यांत सुमारे पाचांत एकाची नळी अरुंद आढळली! म्हणजे नुसते चित्र हा रोग नव्हे. चित्र आणि तक्रार यांचा मेळ बसला पाहिजे. तो न पाहता झालेली शस्त्रक्रिया कितीही नाजूक असो, घरची पुंजी खर्ची पडते आणि पाय जिथल्या तिथे राहतात.

याचा अर्थ ‘आता या वयात कशाला?’ म्हणून वृद्धांना अंथरुणाशी जखडावे असा मुळीच नाही. बहुतेकांना प्रथम व्यायाम व औषधे देऊन पाहणे इष्ट. त्यांनी भागले नाही आणि चालणे आखडतच गेले, तर शस्त्रक्रियेला केवळ वयाची आडकाठी नसावी. पायातील बळ झपाट्याने जाऊ लागले किंवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

रुग्णाने व त्याच्या आप्तांनी शल्यविशारदांना निःसंकोच विचारावे : माझी तक्रार या चित्राशी जुळते काय? आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? न केल्यास काय होईल? टाके किती, ही चौकशी शेवटी केली तरी चालेल. शस्त्रक्रियेचे यश व्रणाच्या लांबीवर नव्हे, तर रुग्ण पुढे स्वतःच्या पायांनी किती चालतो, यावर मोजायचे असते.