सासूबाईंच्या लघवीत जंतू निघाले, मग गोळ्या घ्यायच्या का?

मैत्रिणींनो, आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांचं दुखणंखुपणं बहुतेक घरातल्या सुनाच बघतात. सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत, की कुणीतरी म्हणतं, लघवी तपासा. रिपोर्टात जंतू निघाले, की मेडिकलवरून ॲन्टिबायोटिक गोळ्या येतात. गफलत इथंच होते.

लघवीत जंतू असणं म्हणजे आजार असणं नव्हे. परदेशातल्या वृद्धाश्रमांत तपासलं, तर तिथल्या पाव ते निम्म्या बायकांच्या लघवीत जंतू निघतात, पण त्रास काहीच नसतो. अशांना गोळ्या देऊन फायदा होत नाही. उलट जुलाब लागतात आणि अंगातले जंतू त्या औषधाला सरावतात. पुढं खरं इन्फेक्शन झालं, की तीच गोळी लागू पडत नाही.

म्हणून २००१ साली तज्ज्ञ डॉक्टरांनी वृद्धाश्रमांसाठी खुणा ठरवून दिल्या. लघवी करताना नव्यानं आग होणं, ही मोठी खूण. किंवा ताप आणि त्यासोबत यातलं काही: सारखी लघवीला लागणं, ओटीपोटात किंवा कमरेच्या वर बाजूला दुखणं, लघवीतून रक्त, कपड्यात लघवी होऊ लागणं. (नळी लावलेली असेल तर खुणा वेगळ्या.) नुसता वास किंवा पिवळा रंग यात नाही. आपल्या उन्हाळ्यात तर रंग पाणी कमी प्याल्यानंच बदलतो. आणि रात्री उठावं लागू नये म्हणून म्हाताऱ्या बाया पाणीच पीत नाहीत, हे आपण रोज बघतो!

पण याचा अर्थ घरी बसून वाट बघा, असा नाही बरं का. सासूबाई अचानक बरळायला लागल्या, माणसं ओळखेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साखर उतरलेली असू शकते, नवीन गोळी बाधलेली असू शकते, छातीत इन्फेक्शनही असू शकतं. म्हातारपणी मोठ्या आजारातही कधीकधी ताप चढत नाही. धाप लागली किंवा शुद्ध हरपली तर सरळ १०८ ला फोन.

दवाखान्यात जाताना त्रास कधीपासून, ताप किती, पाणी किती प्याल्या, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. "पॉवरफुल गोळी द्या" म्हणण्यापेक्षा "ही गोळी कशासाठी, किती दिवस?" असं विचारा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सरकारनं २०१६ पासून हेच सांगायला सुरुवात केली. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या डब्यात असतील, तर त्या शेजारणीलाही देऊ नका.