आशाताईलाही पाणी विचारा

आपल्या मुखेड तालुक्यात गावे आहेत, वाड्या आहेत, माळावर तांडे आहेत. तिथे डॉक्टर रोज येत नाही. आशाताई मात्र येते. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात हजार वस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरले. ती आपल्याच गावची सून असते. बाळंतपण दवाखान्यात झाले, तरी पुढे ४२ दिवसांत सहा वेळा ती बाळ बघायला येते. २०२० साली करोना आला. आपण दारे लावून बसलो, तेव्हा हीच बाई दारोदार फिरत होती.

आता तिच्या तब्येतीचे बघा. जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घाला, असे ती सगळ्यांना शिकवते. स्वतः मात्र वैशाखाच्या उन्हात दुपारपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. का पीत नाही? आम्ही विचारले तर ती लाजली. मग आमच्या घरच्यांना हळूच म्हणाली, "काकू, पाणी पिलं की लघवीला लागतं. वाटंत आडोसा कुठंय?"

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत काढली. ही गोष्ट आमच्या कधी ध्यानात आली नव्हती.

पाणी कमी पडले की लघवीला जळजळ होते, ताप येतो. उन्हात चक्कर येते. असे वर्षानुवर्षे चालले तर बाई किती दिवस काम करील? चैत्रात भर दुपारी आपण बैलसुद्धा जुंपत नाही. (ही उपमा ताईला आवडायची नाही. पण खरे ते खरे.) म्हणून ती दारात आली की आधी पाणी द्या. घरात संडास असेल तर घरच्या बाईने तिला आपणहून सांगावे. तिने मागायची वाट बघू नये.

घरात कुणाला खोकला असेल तर तोंडाला रुमाल धरा. तिच्याशी बोलायला बाहेर ओसरीवर बसा. क्षयाचे जंतू कोंदट खोलीत जास्त पसरतात. रात्री बाळंतिणीसाठी बोलवायचे असेल तर घरचे माणूस बॅटरी घेऊन न्यायला जावे, आणि परत पोचवूनही यावे. साध्या डोकेदुखीला रात्री उठवू नये. सुई टोचणाऱ्या सिस्टरनी कावीळ-ब ची लस तीन वेळा घेतलेली असावी. ते मात्र दवाखान्याने बघायचे काम आहे.

परवा ताई आमच्याकडे आली. तांब्याभर पाणी प्याली, घटकाभर टेकली. आम्ही म्हटले, "बस अजून."

"नको गुरुजी, तांड्यावरची चार घरं राहिलीत."

आमच्या घरच्यांनी तिची बाटली भरून दिली. तांड्यावर कुणाकडे संडास आहे, तेही सांगून ठेवले.